सरफोजीराजांची कुळकथा

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर एक प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. भोसले घराण्याची कुळकथा सांगणारा हा लेख दुसरे सरफोजीराजे भोसले यांनी १८०३ मध्ये कोरवून घेतला. पूर्वजांचा असा शोध घेण्यास राजांना सबळ कारण होते. ते जन्माने राजपुत्र नव्हते.

सरफोजींचा जन्म १७७७ चा. भोसल्यांच्या एका शाखेतून तुळजाजी महाराजांनी त्यांना १७८७ मध्ये दत्तक घेतले आणि त्याच वर्षी महाराजांचे निधन झाले. महाराजांचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी या दत्तविधानास हरकत घेतली. कंपनी सरकारने पंडितांचे मत घेतले, ते अमरसिंहांच्या बाजूने पडले आणि दहा वर्षांच्या मुलाची गादी गेली. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांनी त्याच्या शिक्षणाची आणि सुरक्षिततेची काळजी वाहिली. पुढे पंडितांनी निर्वाळा बदलला. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले, पण दुसऱ्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांच्या हाती किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख एवढेच उरले. त्यानंतर चार वर्षांनी हा लेख कोरला गेला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. राज्य गेलेल्या राजापाशी सांगण्यासारखे कुळच शिल्लक होते.

प्राचीन राजकुलाशी नाते जोडणारा या वंशावळीचा आरंभीचा भाग इतिहासकार प्रमाण मानीत नाहीत. खरी पायवाट पोहोचते ती वेरूळच्या पाटीलकीपाशी, बाबाजी आणि मालोजी भोसल्यांपाशी. बीड जिल्ह्यातील मांजरसुंब्याहून उत्तरेस जाणारा सोलापूर-धुळे रस्ता गोदावरी ओलांडून ज्या वेरूळवरून पुढे जात असे, तेच हे गाव. जमीनजुमला आणि गावकीचा मान सांभाळणारे हे घराणे मालोजींच्या काळी निजामशाहीच्या चाकरीत वर आले.

या कुळाचा माग काढण्यास नावांइतका दुसरा चांगला वाटाड्या नाही. परंपरा सांगते, की मालोजींनी अहमदनगरच्या शाह शरीफ पीरास नवस केला आणि मुले झाली, तेव्हा त्यांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली. शरीफजी १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत पडले. शहाजींचे पुत्र व्यंकोजी तंजावरचे राजे झाले; त्यांनी थोरल्या मुलाला आजोबांचे शहाजी हे नाव दिले आणि दुसऱ्याचे ठेवले सरफोजी. हे शरीफजी या नावाचेच वळण मानले जाते. म्हणजे अहमदनगरच्या पिराचे नाव कावेरीकाठच्या राजघराण्यात पुन्हा पुन्हा नांदत राहिले. इकडे शिवरायांचे थोरले बंधू संभाजी कनकगिरीस पडले आणि १६५७ मध्ये जन्मलेल्या पुतण्याला त्यांचे नाव मिळाले. त्या संभाजीराजांचा मुलगा पुन्हा शिवाजी. तोच पुढे शाहू म्हणून ओळखला गेला.

गेलेल्या वडीलधाऱ्याचे नाव नातवाला द्यायचे ही रीत मराठी कुणब्याच्या घरातही होती. मात्र सासऱ्याचे नाव उच्चारणे सुनेला वर्ज्य, म्हणून त्या मुलाला आबा, दादा अशी हाक पडे. दूर नॉर्वेतले शेतकरीही थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव देत. शेताचे नावच आडनावासारखे वापरीत. शेत बदलले, की ते नावही बदले. आपल्याकडे गाव सुटले, तरी त्याला जोडलेला 'कर' मात्र पिढ्यान्पिढ्या सोबत राहतो.

सत्ता नसलेल्या या राजाने उरलेले आयुष्य विद्येत घालवले. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी वाढवले, काशीयात्रेतून हस्तलिखिते आणली, देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढून इसापच्या गोष्टी मराठीत छापवल्या. धन्वंतरी महालात नेत्ररोग्यांची सचित्र टिपणे ठेवली जात. १८३२ मध्ये त्यांचे निधन झाले. गादीवर पुत्र आला, त्याचे नाव शिवाजी. १८५५ मध्ये तो पुरुष वारसाविना वारला आणि कंपनीने तंजावरची गादीच खालसा केली.