अडकित्ते, कुलुपे आणि दिवे : भंगारात जाणारा महाराष्ट्र वाचवणारे काका केळकर

आजीचा अडकित्ता आज कुठे आहे, असे विचारले तर बहुतेक घरांत एकच उत्तर मिळेल : मोडीत दिला. पुण्यातल्या एका माणसाने मात्र अशाच वस्तू गोळा करण्यात उभे आयुष्य घालवले. त्यांचे नाव दिनकर गंगाधर केळकर. पुणेकरांसाठी ते काका केळकर.

चष्म्यांचे दुकान आणि कविता

१८९६ साली जन्मलेल्या काकांचा व्यवसाय चष्म्यांचा. त्याचबरोबर ते ‘अज्ञातवासी’ या नावाने कविताही लिहीत. इतिहासाची ओढ होतीच. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली.

तो काळ जुने जग मोडण्याचा होता. पेशवाईतले वाडे पडत होते. मुळशीत धरणासाठी गावे उठवली जात होती आणि १९२१ मध्ये त्याविरुद्ध सत्याग्रह उभा राहिला होता. घर मोडले की त्यातली जमीन आणि दागिने यांची नोंद होते. विळी, दिवा, कुलूप यांची कोणी करत नाही. काकांनी नेमक्या याच वस्तू उचलल्या.

रोजच्या वस्तूच का?

राजाची तलवार जपायला संस्थाने होती. पण सुपारी कातरायचा अडकित्ता, पाय घासायची वज्री, केसांची फणी, दौत, शेवयांचा साचा यांना वाली नव्हता. पितळेची वस्तू तर वजनावर विकली जाई आणि वितळून तिचे नवे भांडे होई. एकदा भट्टीत गेलेली कारागिरी परत येत नाही.

काका गावोगाव हिंडले. महाराष्ट्राबाहेरही गेले. पत्नी कमलाबाई या सगळ्यात सोबत होत्या. घरखर्चाला ओढ बसली, तरी संग्रह वाढतच राहिला.

वस्तू ओळखायची कशी?

काकांच्या संग्रहातून हे शिकता येते. अडकित्ता घ्या. अंग पितळेचे असले तरी सुपारी कातरणारे पाते लोखंडाचे असते, कारण पितळेला तशी धार टिकत नाही. पाते झिजलेले आणि मुठीवरची नक्षी बोटांनी गुळगुळीत झालेली असेल, तर तो खरोखर वापरातला. मोर, पोपट, घोडेस्वार किंवा जोडप्याचा आकार असेल, तर तो हौसेने घडवून घेतलेला.

वज्रीचा खालचा भाग खरखरीत असतो, वर मात्र प्राणी-पक्ष्यांच्या आकृती. आंघोळीच्या साध्या वस्तूवरही कारागीर एवढी मेहनत घेत. कुलुपांमध्ये तर विंचवाच्या आकाराचे कुलूपही आहे.

राजाच्या नावाने

काकांचा मुलगा राजा लहान वयातच गेला. हे दुःख आईवडिलांनी बोलून दाखवण्यापेक्षा कामात मुरवले. सगळ्या संग्रहाला त्यांनी मुलाचे नाव दिले : राजा दिनकर केळकर संग्रहालय. पुढे हा आयुष्यभराचा ठेवा त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. तो विकला असता तर मोठी रक्कम मिळाली असती.

संग्रहात आज २०,००० हून अधिक वस्तू आहेत. बाजीराव रस्त्याजवळच्या इमारतीत त्यातल्या सुमारे २,५०० च मांडता येतात. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून उभारलेले दालनही इथेच पाहायला मिळते. जागा अपुरी पडू लागल्याने विस्तारासाठी बावधनची जागा पुढे आली.

१९८० मध्ये काकांना पद्मश्री मिळाली. १९९० मध्ये, चौऱ्याण्णव वर्षांचे असताना, त्यांचे निधन झाले.

तुमच्या माळ्यावर काय आहे?

मुळशी-मावळातल्या जुन्या घरांत आजही जाती, मुसळे, इरली, पितळी दिवे सापडतात. घर पाडून बंगला बांधताना ते सर्वांत आधी बाहेर पडतात. पुढच्या वेळी भंगारवाला दारात आला, तर वस्तू तराजूत टाकण्याआधी एवढे करा : तिचा फोटो काढा. ती कोणी, कशासाठी वापरली, हे घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा आणि लिहून ठेवा. वस्तू पुन्हा मिळू शकते. ती कशासाठी होती हे सांगणारा माणूस मात्र पुन्हा मिळत नाही.