समजून घ्या : केंटकीचा किल्ला वाचवणाऱ्या डॅनियल बून यांच्यावरच खटला का चालला?
अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात फेब्रुवारी १७७८ मध्ये डॅनियल बून मीठ काढणाऱ्या तुकडीसह केंटकीच्या जंगलात होते. ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या शॉनी योद्ध्यांनी त्यांना पकडले. बून्सबरो किल्ल्यावर हल्ला टळावा म्हणून बून यांनी साथीदारांनाही शरण यायला लावले. शॉनी प्रमुख ब्लॅकफिश यांनी तर त्यांना दत्तकच घेतले.

जूनमध्ये हल्ल्याची तयारी दिसताच बून निसटले. चार दिवसांत सुमारे २५० किलोमीटर अंतर कापून त्यांनी किल्ला गाठला. सप्टेंबरमधील वेढ्यात किल्ला टिकला. तरीही शरणागतीमुळे देशद्रोहाचा संशय आला, लष्करी खटला चालला. बून निर्दोष सुटले, त्यांना बढतीही मिळाली. मात्र १७८२ मध्ये ब्लू लिक्सच्या लढाईत त्यांचा मुलगा इस्रायल मारला गेला.