अंडपेशीच्या काठावरचे संशोधन : डॉ. अर्नेस्ट एव्हरेट जस्ट

गुलामगिरी कायद्याने संपून अठराच वर्षे झाली होती. अशा काळात, १४ ऑगस्ट १८८३ रोजी, अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यातील चार्ल्सटन या बंदराच्या गावी एका कृष्णवर्णीय कुटुंबात अर्नेस्ट एव्हरेट जस्ट यांचा जन्म झाला. ते चार वर्षांचे असताना वडील वारले. मातोश्री मेरी शाळेत शिकवीत आणि तेवढ्याने भागेना म्हणून जवळच्या जेम्स बेटावरील फॉस्फेटच्या खाणींतही राबत. तेथील आपल्या समाजाच्या कुटुंबांना एकत्र आणून त्यांनी एक वसाहत उभी केली. तिला त्यांच्याच नावावरून मेरीव्हिल म्हणू लागले. बालपणी विषमज्वराने अर्नेस्ट यांचे वाचन पार विसरले गेले आणि अक्षरओळखीपासून पुन्हा सुरुवात करावी लागली.

दक्षिणेत काळ्या मुलांना मिळणारे शिक्षण अपुरे, म्हणून सोळाव्या वर्षी मातोश्रींनी त्यांना दूर उत्तरेकडे, न्यू हॅम्पशायरमधील किंबल युनियन अकादमी या निवासी शाळेत पाठविले. तेथे शिकत असतानाच मातोश्री निवर्तल्या. वसतिगृहात राहून शिकलेल्यांना त्या बातमीचे ओझे वेगळे सांगायला नको. चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी तीन वर्षांत पुरा केला आणि १९०७ मध्ये डार्टमथ महाविद्यालयातून अत्युच्च श्रेणीत पदवी घेतली.

एवढी गुणवत्ता असूनही गोऱ्यांच्या विद्यापीठांचे दरवाजे बंदच राहिले. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी, ते आधी इंग्रजीचे व मग प्राणिशास्त्राचे अध्यापक झाले. १९०९ पासून उन्हाळ्याच्या सुट्टीत ते वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत फ्रँक लिली यांच्या हाताखाली काम करू लागले. नेरीस हे सागरी कृमी प्रजननासाठी रात्री पाण्याच्या पृष्ठभागावर येतात. कंदिलाच्या उजेडात त्यांना जाळ्याने पकडायचे आणि त्यांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळायची, असा तो दिनक्रम. शुक्रपेशी अंडपेशीत ज्या जागी शिरते त्या जागेतूनच पहिल्या विभाजनाची रेषा जाते, हे त्यांनी १९१२ मध्ये दाखविले.

फेब्रुवारी १९१५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संस्थेचे पहिले स्पिंगार्न पदक त्यांना न्यूयॉर्कमध्ये देण्यात आले. त्याच वेळी त्याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या पदव्युत्तर अभ्यासात गढलेले होते. पुढच्या वर्षी जस्ट यांना शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली.

त्यांचे मुख्य काम फलनासंबंधीचे. एका अंडपेशीभोवती असंख्य शुक्रपेशी जमतात, तरी आत एकीलाच प्रवेश मिळतो. दोन शिरल्या तर गुणसूत्रांची वाटणी बिघडते, विभाजन विस्कळीत होते आणि गर्भ जगत नाही. मग दुसरीला थोपविते कोण? सँड डॉलर या चपट्या, नाण्यासारख्या सागरी प्राण्याच्या अंड्यांवर जस्ट यांनी तासन्‌तास नजर ठेवली. शुक्रपेशी चिकटताच त्या बिंदूपासून एक बदल लाटेसारखा अंड्याच्या साऱ्या पृष्ठभागावर पसरतो, आणि त्यानंतर फलनपटल उचलले जाते, असे त्यांना दिसले. पटल दिसण्यापूर्वीच अंडे दुसऱ्या शुक्रपेशीला बंद झालेले असते. म्हणजे पेशीची कड हे निर्जीव कुंपण नव्हे; बाहेरच्या स्पर्शाला उत्तर देणारा तो पेशीचा जिवंत भाग आहे. मग ते अंडे दोन, चार, आठ असे विभागत जाते.

अंडी हाताळण्यातील त्यांची काटेकोर शिस्त सर्वत्र नावाजली गेली. काचेची भांडी निर्मळ हवीत, समुद्राचे पाणी ताजे हवे. आजारी अंड्यावरून निरोगी अंड्याचा नियम सांगता येत नाही, हा त्यांचा आग्रह. त्यापायी जॅक लोब यांच्यासारख्या बड्या शास्त्रज्ञाच्या निष्कर्षांवरही त्यांनी टीका केली, आणि ती काहींना रुचली नाही. सगळे लक्ष केंद्रकातील जनुकांकडे वळत असताना ते पेशीद्रवाचा व पृष्ठभागाचा वाटा मांडत राहिले. जनुकांविषयीची त्यांची काही मते पुढे टिकली नाहीत, हेही नमूद केले पाहिजे.

१९२९ मध्ये ते इटलीतील नेपल्सच्या प्रयोगशाळेत गेले, १९३० मध्ये बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेचे निमंत्रण आले. मायदेशी न मिळालेला मान युरोपात मिळाला, पण १९३३ मध्ये जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. त्यानंतर त्यांनी फ्रान्समध्ये काम केले. पेशीच्या पृष्ठभागावरील त्यांचा ग्रंथ १९३९ मध्ये निघाला. १९४० मध्ये जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या. जस्ट यांना काही काळ स्थानबद्ध करण्यात आले. सुटका होऊन ते अमेरिकेत परतले ते आजारीच. २७ ऑक्टोबर १९४१ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठावन्न.

अमेरिकेच्या टपाल खात्याने १९९६ मध्ये त्यांच्या नावे तिकीट काढले. त्याआधी वीस वर्षे, १९७६ मध्ये, लॉरिंडा जाफे यांनी समुद्री अर्चिनच्या अंड्यात सूक्ष्म विद्युताग्र घालून मोजणी केली होती. शुक्रपेशीचा स्पर्श होताच अंड्याच्या पटलावरील विद्युत्-विभव झटक्यात बदलतो आणि तो बदल टिकतो तोवर दुसरी शुक्रपेशी आत शिरू शकत नाही, असे तीत आढळले.