आगगाडीचे गाणे आणि ग्लेन मिलर

अमेरिकेच्या दक्षिणेकडील टेनेसी राज्यात चॅटनूगा नावाचे एक शहर आहे. डोंगरांच्या कुशीत, नदीकाठी वसलेले आणि अनेक लोहमार्ग जेथे एकत्र येतात असे ते ठिकाण. 1941 साली एका चित्रपटात या शहराकडे निघालेल्या आगगाडीचे गाणे आले आणि ज्यांनी टेनेसीचा नकाशाही कधी पाहिला नव्हता अशा लोकांच्या तोंडी चॅटनूगाचे नाव बसले. ‘चॅटनूगा चू चू’ हे ते गाणे. त्याची चाल हॅरी वॉरेन यांची आणि शब्द मॅक गॉर्डन यांचे. तरीही ते आजपर्यंत ओळखले जाते ते वाद्यवृंदाचे प्रमुख ग्लेन मिलर यांच्या नावाने. ज्याने चाल बांधली नाही आणि शब्दही लिहिले नाहीत, त्याचे नाव गाण्याला का चिकटावे, हा प्रश्न मिलर यांच्या चरित्राकडे पाहिल्यावर सुटू लागतो.

आल्टन ग्लेन मिलर यांचा जन्म 1 मार्च 1904 रोजी आयोवा राज्यातील क्लॅरिंडा या लहानशा गावी झाला. घरची परिस्थिती बेताची होती. वडिलांच्या कामधंद्यामुळे कुटुंबाला वरचेवर बिऱ्हाड हलवावे लागे. नेब्रास्का, मिसूरी आणि नंतर कोलोरॅडो अशी राज्ये पालटत ग्लेन वाढला. मिसूरीत असताना त्याने गाईंच्या धारा काढून पैसे साठवले आणि त्यांतून पहिला ट्रॉम्बोन विकत घेतला. ट्रॉम्बोन हे फुंकून वाजवण्याचे पितळी वाद्य आहे. त्याला बासरीसारखी छिद्रे नसतात किंवा पेटीसारख्या पट्ट्याही नसतात. एक लांब नळी पुढेमागे सरकवून त्यावर स्वर काढावा लागतो आणि ती नेमकी कोठे थांबवायची हे कानाने ठरवावे लागते. मुलाच्या हाती असे वाद्य आले की घरच्यांच्या सहनशक्तीची परीक्षाच!

फोर्ट मॉर्गन येथील शाळेतून 1921 साली ग्लेन बाहेर पडला. शाळेत तो फुटबॉल उत्तम खेळे. पुढे त्याने कोलोरॅडो विद्यापीठात प्रवेश घेतला. परंतु वर्गापेक्षा नृत्याच्या कार्यक्रमांतील वादनातच त्याचा अधिक वेळ जाऊ लागला. परीक्षेत अपयश आले आणि पदवी न घेताच त्याने विद्यापीठ सोडले.

लॉस एंजेलिसला बेन पोलॅक यांच्या वाद्यवृंदात मिलर यांना जागा मिळाली. पुढे ‘स्विंग’ संगीताचा सम्राट म्हणून गाजलेले क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन हेही तेव्हा याच वृंदात होते. काही काळाने, 1928 मध्ये, जॅक टीगार्डन नावाचा तरुण ट्रॉम्बोनवादक तेथे आला. त्याचे वादन ऐकल्यावर आपण या वाद्यावर पहिल्या प्रतीचे कलावंत कधीच होणार नाही, हे मिलर यांना कळून चुकले. अशा क्षणी माणूस एकतर मत्सर करू लागतो किंवा खचतो. मिलर यांनी तिसरी वाट धरली. कोणत्या वाद्याने कोणता स्वर, केव्हा आणि किती जोराने वाजवायचा याची आखणी करणे, म्हणजेच वाद्यसंयोजन, हे त्यांनी आपले क्षेत्र मानले. त्याच वर्षी महाविद्यालयातील मैत्रीण हेलन बर्गर हिच्याशी त्यांचा विवाह झाला आणि न्यूयॉर्कमध्ये त्यांनी संसार थाटला.

त्यानंतरची आठ-नऊ वर्षे मिलर यांनी इतरांसाठी राबण्यात घालवली. नाट्यगृहांच्या वाद्यवृंदांत त्यांनी वादन केले, डॉर्सी बंधूंसाठी संयोजने लिहिली आणि रे नोबल या इंग्रज संगीतकाराला अमेरिकेत वाद्यवृंद उभारून दिला. याच काळात जोसेफ शिलिंगर या शिक्षकांकडे ते रचनाशास्त्र शिकले. शिलिंगर संगीताकडे गणिताच्या दृष्टीने पाहत. त्यांच्याकडे अभ्यास म्हणून लिहिलेल्या एका रचनेतून पुढे ‘मूनलाइट सेरेनेड’ ही धून तयार झाली आणि तीच मिलर यांच्या वाद्यवृंदाची ओळख ठरली. घरचा अभ्यास म्हणून लिहिलेल्या फार थोड्या वह्यांना असे भाग्य लाभले असेल.

1937 साली मिलर यांनी स्वतःचा वाद्यवृंद काढला. तो चालला नाही. वादक चांगले होते, पण शेकडो वाद्यवृंदांच्या गर्दीत हा वेगळा कसा ओळखावा हे श्रोत्यांना कळत नव्हते. 1938 च्या जानेवारीत तो मोडावा लागला. काही महिन्यांतच मिलर यांनी दुसरा वाद्यवृंद उभा केला आणि या वेळी स्वतःचा असा नाद शोधला.

हा नाद म्हणजे काय, ते समजून घेण्यासारखे आहे. त्या काळच्या मोठ्या वाद्यवृंदांत, ज्यांना ‘बिग बँड’ म्हणत, पंधरा-सतरा वादक असत. ट्रंपेट व ट्रॉम्बोन यांचा पितळी विभाग, सॅक्सोफोनांचा विभाग आणि पियानो, गिटार, बास, ड्रम यांचा ताल विभाग अशी त्यांची मांडणी असे. सॅक्सोफोनांच्या विभागात मुख्य सुरावट साधारणपणे आल्टो सॅक्सोफोनकडे असे. मिलर यांनी ती क्लॅरिनेटला दिली, तीच सुरावट एका सप्तकाने खाली टेनर सॅक्सोफोनला दिली आणि उरलेल्या सॅक्सोफोनांनी मधली जागा स्वरसंगतीने भरून काढली. ऐकणाऱ्याला यातले काही कळण्याची गरज नव्हती. कानावर पडे तो एक मऊ, झळाळता, एकजीव स्वर. रेडिओ लावताच दोन-चार क्षणांत वाद्यवृंद ओळखू येई आणि मिलर यांना हवे होते ते नेमके हेच.

1939 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळच्या समुद्रकाठी ग्लेन आयलंड कॅसिनो या नृत्यगृहात त्यांना काम मिळाले. तेथील कार्यक्रम रेडिओवरून देशभर ऐकू जात. पाहता पाहता मिलर हे नाव घरोघरी पोहोचले. त्याच वर्षी ‘इन द मूड’ ही धून ध्वनिमुद्रित झाली. मूळ रचना बरीच लांबलचक होती, तर त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे संगीत मावे. मिलर यांनी ती निर्दयपणे छाटली आणि शेवटी एकच सुरावट हळूहळू मंद करत नेऊन अचानक पुन्हा उसळवली. नाचणारे फसत, हसत आणि पुन्हा नाचू लागत.

मिलर यांचा स्वभाव मात्र या संगीतासारखा मऊ नव्हता. ते करड्या शिस्तीचे होते. वादकाचा पोशाख, उभे राहण्याची ढब, वाद्य उचलण्याची वेळ, सर्वांवर त्यांची नजर असे. जॅझचे जाणकार तक्रार करत की, या वाद्यवृंदात उत्स्फूर्ततेला जागा नाही, सारे आधीच लिहिलेले असते. ही तक्रार खोटी नव्हती. जॅझचा प्राण उत्स्फूर्ततेत आहे आणि या परंपरेचे खरे निर्माते असलेल्या कृष्णवर्णीय कलावंतांच्या वादनातील धग मिलर यांच्याकडे क्वचितच आढळते. पण दिवसभर कारखान्यात राबून संध्याकाळी जोडीदारासह नाचायला येणाऱ्या सामान्य माणसाला काय हवे आहे, हे मिलर यांच्याइतके अचूक फार थोड्यांना उमगले होते.

1941 मध्ये ‘सन व्हॅली सेरेनेड’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. बर्फावरील स्केटिंगमध्ये तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके मिळवणारी नॉर्वेची सोन्या हेनी ही त्याची नायिका होती. कथा बेताचीच, चित्रपट आज पाहावासा वाटतो तो संगीतासाठी. तालमीच्या एका प्रसंगात मिलर यांचा वाद्यवृंद ‘चॅटनूगा चू चू’ वाजवू लागतो. प्रारंभी वाद्यांतून इंजिनाची शिटी आणि चाकांची धिमी घरघर ऐकू येते, मग वेग वाढतो आणि गाडी पूर्ण लयीत धावू लागते. हे संयोजन जेरी ग्रे यांचे होते. टेक्स बेनेकी, पॉला केली आणि ‘मॉडर्नेअर्स’ हा गायकगट ते गातात. न्यूयॉर्कच्या स्थानकावर उभा असलेला एक प्रवासी बूटपॉलिशवाल्याला गाडीची चौकशी करतो, वाटेतील गावे आणि गाडीतले जेवण आठवतो आणि घरच्या स्थानकावर वाट पाहणाऱ्या प्रियेच्या ओढीने निघतो, एवढाच गाण्याचा विषय.

यानंतर पडद्यावर निकोलस बंधू आणि डोरोथी डँड्रिज हे कृष्णवर्णीय कलावंत येतात. त्यांचे नृत्य थक्क करणारे आहे. परंतु मुख्य कथेशी त्यांचा काहीही संबंध ठेवलेला नाही. दक्षिणेकडील चित्रगृहांना असे प्रसंग कापून टाकता यावेत म्हणून ते वेगळे ठेवण्याची रीत त्या काळी हॉलिवूडमध्ये होती. गाण्यातील प्रवासी बूटपॉलिशवाल्याला ज्या शब्दाने हाक मारतो, त्यातही गोऱ्या समाजाची कृष्णवर्णीयांना लहान लेखण्याची सवय दिसते. गाण्याचा आनंद घेताना हेही नजरेआड करू नये.

1941 च्या डिसेंबरमध्ये हे गाणे अमेरिकेत लोकप्रियतेच्या अग्रस्थानी होते. त्याच महिन्याच्या 7 तारखेला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. घरच्या स्थानकाकडे धावणारी ही गाडी ऐकताऐकता लाखो तरुण घर सोडून निघाले. एरवी केवळ मजेचे वाटावे अशा गाण्याला ओढ आणि हुरहुर चिकटली ती या योगायोगाने. तबकडीच्या 12 लाख प्रती खपल्या. 10 फेब्रुवारी 1942 रोजी ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीने सोनेरी मुलामा दिलेली तिची प्रत मिलर यांना भेट दिली. ‘गोल्ड रेकॉर्ड’ देण्याची प्रथा येथून सुरू झाली.

या काळात मोठ्या नृत्यवृंदांचे वारे मुंबईपर्यंत पोहोचले होते. तेथील बड्या हॉटेलांत गोव्याचे वादक असे संगीत वाजवत. त्यांच्यापैकीच चिक चॉकलेट या ट्रंपेटवादकाने पुढे सी. रामचंद्र यांच्यासोबत काम केले आणि स्विंगचा ठेका हिंदी चित्रपटगीतांत रुळला.

मिलर तेव्हा 38 वर्षांचे होते. सक्तीच्या सैन्यभरतीचा त्यांना धोका नव्हता आणि आठवड्याला हजारो डॉलर मिळत होते. तरीही त्यांनी नौदलाकडे अर्ज केला. तो नाकारला गेला. मग त्यांनी भूदलाकडे प्रयत्न केला आणि तेथे त्यांना स्वीकारले गेले. सप्टेंबर 1942 मध्ये शेवटचा कार्यक्रम करून त्यांनी देशातील सर्वांत लोकप्रिय वाद्यवृंद स्वतःच्या हाताने विसर्जित केला आणि ऑक्टोबरमध्ये कॅप्टन म्हणून ते रुजू झाले.

सैन्यात त्यांनी हवाई दलासाठी नवा वाद्यवृंद बांधला. त्यात व्हायोलिन व चेलो वाजवणारेही होते. जुन्या लष्करी कूचगीतांऐवजी ‘सेंट लुईस ब्लूज’सारख्या धुनेवर जवानांना चालवण्याचा त्यांचा प्रयोग काही अधिकाऱ्यांना मुळीच रुचला नाही, जवान मात्र खूश होते. 1944 च्या जूनमध्ये वृंद लंडनला आला. तेथे जर्मनीचे उडते बॉम्ब पडत होते. मिलर यांनी आग्रहाने आपल्या लोकांना बेडफर्ड येथे हलवले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या आधीच्या निवासाच्या परिसरात बॉम्ब पडून अनेक अमेरिकी सैनिक मारले गेले. पुढचे काही महिने विमानतळांच्या भव्य शेडमध्ये, रुग्णालयांत आणि रेडिओवर हा वृंद अखंड वाजत राहिला. जर्मन सैनिकांसाठीही त्यांचे कार्यक्रम प्रसारित झाले. ज्या संगीताला नाझी राजवट हीन ठरवत होती, तेच संगीत जर्मन निवेदनासह त्या सैनिकांपर्यंत जात होते.

पॅरिस मुक्त झाल्यावर वाद्यवृंद तेथे हलवायचे ठरले. पूर्वतयारीसाठी मिलर पुढे निघाले. 15 डिसेंबर 1944 रोजी दाट धुक्याच्या दुपारी बेडफर्डजवळच्या ट्विनवुड फार्म धावपट्टीवरून एका ओळखीच्या अधिकाऱ्यासोबत ते एक इंजिनाच्या छोट्या विमानात बसले. ते विमान पॅरिसला पोहोचलेच नाही. दुसऱ्याच दिवशी आर्देनच्या जंगलात जर्मनीने मोठी चढाई केली आणि त्या धांदलीत तीन दिवस कोणाला पत्ताही लागला नाही. वादक पॅरिसला उतरले तेव्हा त्यांना घ्यायला मिलर आले नव्हते. 24 डिसेंबरला ही बातमी जाहीर करण्यात आली. परतणाऱ्या ब्रिटिश विमानांनी समुद्रात टाकलेल्या बॉम्बमुळे विमान पडले, असा एक तर्क पुढे मांडला गेला. थंडीत कार्ब्युरेटर गोठून इंजिन बंद पडले असावे, हे मत अभ्यासकांना अधिक पटते. इंग्लिश खाडीतून ना विमान सापडले, ना माणसे. मिलर अवघे 40 वर्षांचे होते.

वाद्यवृंदाने पॅरिसमधले ठरलेले कार्यक्रम रद्द केले नाहीत. जेरी ग्रे आणि ड्रमवादक रे मॅकिन्ली यांनी सूत्रे हाती घेतली. वादकांच्या पुढ्यात मिलर यांनी ठरवून दिलेलेच कागद होते. कोठे श्वास घ्यायचा आणि कोठे उभे राहायचे हेही त्यांना ठाऊक होते. जाणकारांना खटकणारी ती आखीवरेखीव शिस्त अशा वेळी उपयोगी पडली. 1945 मध्ये मिलर यांना मरणोत्तर ‘ब्राँझ स्टार’ पदक देण्यात आले. ते हेलन यांनी स्वीकारले.

चॅटनूगाच्या जुन्या स्थानकातून 1970 साली शेवटची प्रवासी गाडी सुटली. इमारत पाडली जाण्याची वेळ आली होती. परंतु 1973 मध्ये तेथे गाण्याचेच नाव धारण करणारे हॉटेल सुरू झाले आणि ती वाचली. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या मॅडिंग्ली येथे अमेरिकी सैनिकांची दफनभूमी आहे. ज्यांचे देह मिळाले नाहीत अशा पाच हजारांहून अधिक जणांची नावे तेथील लांब पांढऱ्या भिंतीवर कोरलेली आहेत. त्यांत मेजर मिलर यांचेही नाव आहे. ते पाहायला येणाऱ्यांना ‘ग्लेन’ शोधून चालत नाही; लष्करी नोंदीप्रमाणे तेथे ‘आल्टन’ हे पहिले नाव शोधावे लागते.