आशेचा धावपटू : टेरी फॉक्स

कॅनडाच्या इतिहासात ज्याचे नाव आजही आदराने घेतले जाते, त्या टेरी फॉक्सला अवघे 22 वर्षांचे आयुष्य लाभले. 28 जुलै 1958 रोजी विनिपेग येथे जन्मलेला टेरी ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील पोर्ट कोक्विटलम येथे वाढला. उंचीने बेताचा असूनही चिकाटीच्या बळावर त्याने बास्केटबॉल संघात स्थान मिळवले.

1976 च्या अखेरीस त्याचा उजवा गुडघा दुखू लागला. नोव्हेंबरमध्ये मोटार अपघातात त्याच गुडघ्याला मार बसला होता. त्यामुळे खेळाचा हंगाम संपेपर्यंत त्याने दुखणे अंगावर काढले. मार्च 1977 मध्ये वेदना असह्य झाल्या आणि ऑस्टिओसार्कोमा या हाडाच्या कर्करोगाचे निदान झाले. वयाच्या 18 व्या वर्षी त्याचा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला.

हा रोग प्रामुख्याने वाढत्या वयातील मुलामुलींना व तरुणांना होतो आणि बहुधा गुडघ्यालगतच्या हाडांत उद्भवतो. मार लागल्याने तो होत नाही. परंतु माराचे निमित्त सापडल्याने त्याकडे दुर्लक्ष मात्र होते. रोगाच्या पेशी रक्तावाटे फुप्फुसांत पोहोचू शकतात, म्हणून शस्त्रक्रियेच्या जोडीला केमोथेरपीही द्यावी लागते.

टेरीने 16 महिने केमोथेरपी घेतली. रुग्णालयातील बालकांच्या यातना पाहून त्याने संशोधनासाठी निधी उभारण्याचा निर्धार केला. 12 एप्रिल 1980 रोजी सेंट जॉन्स येथून तो कृत्रिम पायाने धावू लागला. दररोज सरासरी सुमारे 38 किलोमीटर याप्रमाणे 143 दिवसांत त्याने 5,373 किलोमीटर अंतर कापले. 1 सप्टेंबर रोजी थंडर बे नजीक त्याला थांबावे लागले. कर्करोग फुप्फुसांत पसरला होता. देशातील प्रत्येकाकडून एक डॉलर, हे त्याचे स्वप्न फेब्रुवारी 1981 मध्ये साकार झाले. 28 जून 1981 रोजी त्याने जगाचा निरोप घेतला.

त्याच्या नावाने आजवर 80 कोटी डॉलरहून अधिक निधी जमला आहे. आता पुष्कळ रुग्णांच्या शरीरातील केवळ रोगग्रस्त हाड काढून हातपाय वाचवता येतात. मात्र त्यासाठी निदान वेळेवर व्हावे लागते. मुलांचे हाड आठवडेन्‌आठवडे दुखत असेल, रात्री वेदना वाढत असतील किंवा सूज येत असेल, तर खेळताना लागले असेल असे म्हणून पालकांनी स्वस्थ बसू नये; डॉक्टरांना दाखवून एक्स-रे काढून घ्यावा.