आबे फारिया : हातात जादू नव्हती

पणजीत जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियांचा पुतळा आहे. १९४५ साली रामचंद्र पांडुरंग कामत यांनी तो घडवला. हात पसरलेला पाद्री आणि त्याच्यापुढे कोसळणारी बाई. बघणाऱ्याला वाटतं, या माणसाच्या हातांतून काहीतरी शक्ती निघतेय. गंमत म्हणजे तसं काही नसतं, हेच फारिया शेवटपर्यंत सांगत होते.

जुझे कुस्तोदियु द फारिया यांचा जन्म ३१ मे १७५६ रोजी बार्देसमधल्या कांदोळीत झाला. आईवडिलांचं पटलं नाही. दोघं वेगळे झाले. आई जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठात नन झाली आणि वडील धर्मगुरू. १७७१ मध्ये वडील मुलाला घेऊन पोर्तुगालला निघाले. पुढे रोममध्ये शिकून १७८० मध्ये मुलगाही धर्मगुरू झाला. १७८७ साली पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा पिंटोंचा कट गोव्यात उघडकीस आला. फारिया बापलेकांवरही संशय आला आणि मुलगा पॅरिसला गेला. त्याने फ्रेंच राज्यक्रांती तिथे डोळ्यांनी पाहिली.

त्या काळी युरोपात मेस्मर या डॉक्टरच्या नावाचा बोलबाला होता. वैद्याच्या अंगातून एक अदृश्य चुंबकीय द्रव रोग्यात शिरतो आणि रोगी बरा होतो, असं मेस्मरचं म्हणणं. १८१३ पासून फारियांनी पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग सुरू केले. समोरच्याला आरामात बसवायचं, मन एकाग्र करायला लावायचं आणि झोपायला सांगायचं. ना लोहचुंबक, ना द्रव. झोप येते ती झोपणाऱ्याच्याच मनातून, हा त्यांचा निष्कर्ष. रक्त पातळ असलेल्यांना ती लवकर लागते, हा त्यांचा अंदाज मात्र पुढे टिकला नाही.

पण याची किंमत त्यांना मोजावी लागली. मेस्मरचे अनुयायी नाराज झाले, धर्मपंडितांना यात सैतानाचा हात दिसला. एका नटाने झोपेचं सोंग घेऊन त्यांची फजिती केली आणि १८१६ मध्ये त्यांची टर उडवणारं नाटकच रंगभूमीवर आलं. गर्दी ओसरली. फारियांनी श्रद्धा सोडली नाही आणि आपलं म्हणणंही सोडलं नाही. ही झोप नैसर्गिक आहे, हे त्यांनी पुस्तक लिहून मांडलं. ते १८१९ मध्ये छापून आलं आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला ते वारले. त्यांच्या कबरीचा आज पत्ता नाही.

१८४० च्या दशकात जेम्स ब्रेड या डॉक्टरने हिप्नॉटिझम हा शब्द रूढ केला. नंतर फ्रान्समधल्या नान्सीच्या डॉक्टरांनी सूचनेच्या बळावर उपचार केले, तेव्हा फारियांचं म्हणणं बरोबर होतं हे मान्य झालं. आज दुखणं सुसह्य करायला, ऑपरेशनआधीची भीती घालवायला, ताणाने बिघडणाऱ्या पोटाच्या काही विकारांवर हिप्नोथेरपी वापरतात. ती औषधोपचाराच्या जोडीला असते, त्याच्या जागी नाही. आणि ती सगळ्यांना सारखी लागूही पडत नाही.

परीक्षेच्या दिवसांत आत्मविश्वास विकत देणाऱ्या जाहिराती आपल्याला रोज दिसतात. अशा वेळी हा गोंयकार पाद्री आठवावा. समोरचा माणूस फार तर वाट दाखवतो. चालणारं मन आपलंच असतं.