भूजलाची चाल मोजणारा डार्सी

जमिनीखाली नद्या वाहतात, एकदा झरा लागला की पाणी हटत नाही, असं आपण पारावर नेहमी ऐकतो. खरं तर बहुतेक पाणी वाळू-मुरुमाच्या कणांमधल्या पोकळीत आणि खडकाच्या भेगांत साठतं व तिथूनच हळूहळू सरकतं. ही चाल पहिल्यांदा गणितात बसवली ती हेन्री डार्सी या फ्रेंच इंजिनिअरने.

डार्सीचा जन्म १० जून १८०३ रोजी फ्रान्समधील दिजाँ शहरात झाला. चौदाव्या वर्षी वडील वारले, तरी आईने त्याचं शिक्षण थांबू दिलं नाही. पुढे तो सरकारी पूल व रस्ते खात्यात इंजिनिअर झाला. दिजाँच्या विहिरींचं पाणी तेव्हा घाण होतं. शहरात खोल बोअर घेतली, पण तिचं पाणी पुरेना. डार्सीने रोझोआरचा झरा निवडला, सुमारे साडेबारा किलोमीटरचा झाकलेला पाट बांधला आणि सप्टेंबर १८४० मध्ये पाणी निव्वळ उताराने शहरात आणलं. या कामाचा मोबदला मात्र त्याने घेतला नाही.

प्रकृती ढासळल्यावर तो दिजाँला परतला. १८५५-५६ मध्ये त्याने उभ्या नळात वाळू भरून तीतून पाणी सोडलं आणि मापं घेतली. दोन टोकांच्या पाणीपातळीतला फरक दुप्पट केला की पाणी दुप्पट येतं. वाळूचा थर दुप्पट केला की निम्मं येतं. बाकी सगळं वाळूच्या जातीवर. हाच डार्सीचा नियम. तो १८५६ साली छापून आला. ३ जानेवारी १८५८ रोजी डार्सी पॅरिसमध्ये वारला.

आता आपल्या विहिरीकडे बघा. मोटार सुरू झाली की विहिरीतली पातळी उतरते, भोवतालच्या पाण्याला उतार मिळतो आणि ते विहिरीकडे येतं. मोठी मोटार लावली तर उतार वाढतो, पण तळ गाठला की पुढे वाढणार कुठून? वर शेजाऱ्याच्या विहिरीची पातळीही खाली जाते, मग भांडणं होतात. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून जातं, म्हणून हिशेब जपून करावा लागतो. तरी विहिरीच्या उपसा चाचणीचं गणित याच नियमावर उभं आहे.

तेव्हा नवी मोटार घेण्याआधी एक काम करा. उपसा थांबल्यावर पाणी किती तासांत किती चढतं, ते दोरी सोडून मोजा आणि वहीत लिहा. ग्रामसेवकांनीही गावच्या पिण्याच्या विहिरीची अशी नोंद ठेवावी. जमीन किती पाणी देऊ शकते, ते त्या वहीतच कळेल.